स्वच्छतेच्या कारणास्तव

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील स्वच्छतागृहाला कुलूप लागले. जबाबदार : सोसायटीचे अध्यक्ष, सचिव, आणि सूचनेचा मसुदा लिहून देणारा मी. कुलूप काढा म्हणून नागपंचमीला अध्यक्षांना पहिले पत्र दिले, उत्तर नाही. घटस्थापनेला दुसरे, पोच मिळाली, उत्तर नाही. तिसरे लिहायला बसलो आणि पत्राऐवजी हे लिहितो आहे. थकलो आहे.

न्यायालयात कारकुनी केलेला म्हणून शब्दरचना माझ्याकडे आली. ‘स्वच्छतेच्या कारणास्तव घरकामगारांनी इमारतीतील कोणतेही स्वच्छतागृह वापरू नये.’ ‘कोणतेही’ हा शब्द माझा. पळवाट राहू नये म्हणून घातला. सूचना लिफ्टमध्ये लागल्यावर चष्मा लावून शुद्धलेखनही तपासले.

आषाढात आमच्याकडे काम करणाऱ्या बाई आठवडाभर आल्या नाहीत. परतल्या तेव्हा पत्नीने चहा पुढे केला, त्यांनी कप सरकवला.

“नको काकू. पाणीबी सोडलंय दुपारपत्तुर.”

“अगं, लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय ना?”

“सांगाया त्यांचं काय जातंय! प्यायलं की जायचं कुठं? घर लय लांब हाय.”

“आमचं वापर की.”

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. “काकांनीच लिवलंय ना, कोणतंबी नाय म्हणून? सहा घरचे संडास चकाचक करते काकू, बसायला एक नाय.”

पत्नी हसली नाही.

माझी आई महिन्यातले चार दिवस मागच्या पडवीत बसे. तिचा पेला वेगळा, विसळून उपडा ठेवलेला. त्याला विटाळ म्हणत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या पत्नीने त्या दिवसांत स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. वडील उठून गेले. मी तो प्यायलो, आणि समानतेचे माझ्या वाट्याचे काम संपले असे धरून चाललो. पुढे घरात गिझर आला, टाइल्स आल्या, विटाळ हा शब्द गेला. तो माझ्याच भाषेत लिफ्टमध्ये परतला होता, हे मला त्या हसण्याने कळले.

त्या दिवसापासून बाई आमचे स्वच्छतागृह वापरतात. सचिवांनी मला जिन्यात गाठले. “काका, नियम तुमचाच. उद्या सगळ्याच बायका मागतील.”

“मागू द्या,” मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला हायजीन समजावून सांगितले. मी ऐकून घेतले. ओरडायला आता दम पुरत नाही. बाकी पाच घरांत बाईंना दार बंदच आहे, आणि आमच्याकडे त्या शेवटी येतात. परवा म्हणाल्या, पुन्हा जळजळ सुरू झाली.

माझा मसुदा मी मागे घेतो. ‘कोणतेही’ या शब्दाबद्दल बाईंची माफी मागितली आहे, सभेतही मागेन. अध्यक्षांनी येत्या सर्वसाधारण सभेत, बाईंना बसायला खुर्ची देऊन, सर्वांसमक्ष उभे राहून सांगावे : तळमजल्याची किल्ली कोणाकडे आहे, आणि ते कुलूप अजून का निघत नाही?