टँकमधली नसलेली काच

मंडळी, आमचा क्लाऊनफिश मासा वाचला. अंगावर पांढरे ठिपके आलेले, म्हणून छोट्या टबात औषधाच्या खाऱ्या पाण्यात एकटा ठेवलेला. आज दुपारी मोठ्या टँकमध्ये सोडला.

चार फुटी टँक, पण गडी एका कोपऱ्यात टबाएवढ्याच जागेत फिरतोय. पुढं येतो आणि समोर काही नसताना वळतो.

आई तिच्या खोलीच्या दारातनं बघत होती. टीबीतनं बरी होऊन वर्ष झालं, तरी स्वतःच ताट वेगळं ठेवती, नातीला जवळ घेत न्हाय.

"मधली काच काढली न्हाईस व्हय रं?"

"काच न्हाईच की, आई."

तिनं टँकपाशी उभ्या नातीकडं बघितलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

मासा अजून वळतोय. सांगा, कसं समजवायचं?