पांढऱ्या रानातलं घर

आमच्या ह्यांना जमिनीतलं कळत न्हाय, असं शिरोळात कुणी म्हणून दाखवावं. तीस वर्षं पाणी संस्थेत पाटकरी होते. कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं ते ह्यांच्या हातात. मातीचा रंग बघून जयपाल पाटकरी सांगायचे, हितं काय पिकणार. आणि आता कोल्हापुरात फ्लॅटमध्ये बसून एका खोट्या नकाशानं त्यांची पार भंबेरी उडवली.

उद्योग आमच्या स्नेहलचा. दोन वर्षं झाली, पोरगी कॅनडात नोकरीला हाय. बापलेकीचं बोलणं फोनवर दोन मिनिटांत संपायचं, आणि वाईट दोघांनाही वाटायचं. म्हणून तिनं टॅबवर हा खेळ घालून दिला. राक्षस-जादूगारांचं कसलंसं राज्य; त्यात दोघांनी चालत जाऊन एका जागी भेटायचं आणि मिळून घर बांधायचं. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडं शनिवारची संध्याकाळ.

तीन रविवार झाले, भेट न्हाय. नकाशावर हिरव्या तुऱ्यांची खूण दिसली की हे म्हणायचे, ऊस हाय, आणि आत घुसायचे. ती निघाली दलदल. खेळातला ह्यांचा माणूस दोनदा बुडून मेला. त्रिकोण म्हणजे डोंगर एवढं मला कळलं, पण त्यातल्या एकातनं धूर का येतोय ते दोघांनाही कळेना. ठिपक्यांना मी पेरणी म्हटलं, ह्यांनी खडी. डोस्कं फिरायची पाळी. आणि वरच्या अंगाला सगळा पांढरा पट्टा, तिकडं हे फिरकायलाच तयार न्हाईत. म्हणे क्षारपड जमीन हाय, पाणी पाजून पाजून मीठ वर आलंय. आमच्याकडची चांगली रानं अशी पांढरी पडून मेलेली ह्यांनी बघितल्यात की.

चौथ्या रविवारी स्नेहल फोनवर वैतागली. वाट बघून बघून एकटीनंच घर बांधलं म्हणाली, आज आला न्हाईत तर खेळ बंद. ह्यांचा चेहरा उतरला. कुठं बांधलंस विचारलं, तर नेमकं त्या पांढऱ्यातच. मग भडकलेच. असल्या रानात घर बांधायची अक्कल कुणी दिली, मीठ फुटलंय तिथं, गवताची काडी उगवणार न्हाय, म्हणून वरडाय लागले. मी मनात म्हटलं, झालं, तुटलं आता.

स्नेहल हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, मीठ न्हाय ते. बर्फ हाय. माझ्या खिडकीतनं असंच दिसतंय."

हे गोंधळून नकाशाकडंच बघत बसले. मग विचारलं, "किती दिवस असतोय?"

"पाच महिने."

"आणि कामावनं येतीस तवा घरात कोण असतंय?"

"कोण न्हाय," म्हणाली, आणि रडायलाच लागली.

ह्यांनी चष्मा पुसला, टॅब जवळ ओढला.

"तिथंच थांब. येतोय मी. दलदलीच्या कुठल्या अंगानं वळू, तेवढं सांग."