वहिनी कुणाची

वॉर्डातल्या पोरी तिला पाठीमागे 'वंशावळबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला एखादं टोपणनाव तरी मिळायलाच हवं. दिवसभर 'सिस्टर, सिस्टर' ऐकून कान किटतात.

नवा पेशंट आला की ही इंजेक्शन देता देता विचारी, "घरात कोण कोण असतं?" मग हळूच, "सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं?" आणि, "रुसलात की पहिल्यांदा कोणाशी बोलता?" खिशातल्या कागदावर पुरुषाचा चौकोन, बाईचा गोल, मधे नात्याच्या रेघा, आणि गेलेल्या माणसावर फुली. हे सगळ्याच नर्सना शिकवतात आणि परीक्षा संपली की सगळ्याच विसरतात. ही विसरली नाही. दुपारी वॉर्ड पेंगायला लागला, खिडकीचे पडदे फुगून पुन्हा गजांना चिकटू लागले, की ती कागद समोर धरून बसे आणि तिला ती घरं दिसू लागत. कधी न पाहिलेली स्वयंपाकघरं, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर कोणाची तरी पावलं, कोपऱ्यात कोणीतरी रागाने आदळलेलं भांडं. तिथून ती अलगद फिरून येई. तिने लग्न केलं नव्हतं, पण शेकडो संसारांत कुठला डबा कुठल्या फळीवर असतो, हे तिला पाठ होतं.

नऊ नंबरच्या आजींपुढे मात्र तिने हात टेकले. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं होतं, ताप नव्हता, पण चार दिवसांत आजींच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. चमचा ओठाशी नेला की त्या डोळे न उघडता विचारत, "वहिनी जेवली का?" आणि तोंड घट्ट मिटून घेत. नाकातून घातलेली नळी त्यांनी एकदा उपसून काढली होती. आज डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी परत घालू. हात बांधून ठेवावे लागतील." बांधायचे म्हणजे हिनेच बांधायचे होते.

"वहिनी म्हणजे आमच्या मामी," आजींचा मुलगा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. "त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आईला भास होतायत, दुसरं काय!"

शेजारी त्याची धाकटी बहीण उभी होती, ती मूग गिळून गप्प. वंशावळबाईने मामींचा गोल काढला, त्यावर फुली मारली आणि मुलगा कामाला निघून गेल्यावर एक खोटं बोलून पाहायचं ठरवलं.

"आजी, वहिनी जेवल्या हो. अगदी पोटभर जेवल्या."

आजींनी डोळे उघडले. "तिला कसलं गं अहोजाहो करतेस? पोर आहे ती." आणि पुन्हा त्या आपल्या गुंगीत बुडून गेल्या.

पोर? वीस वर्षांपूर्वी गेलेली भावजय पोर कशी असेल? वंशावळबाई विचार करतच डबा खायला गेली. पहिला घास मोडला तोच फोन वाजला.

"ताई, जेवलीस का गं?" पलीकडचा आवाज एवढा खणखणीत, की शेजारच्या नव्या नर्सनेही ऐकला.

"धाकटी बहीण वाटतं?" फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"छे! आई होती."

"आई तुम्हाला ताई म्हणते?"

"अगं, धाकट्यांनी म्हणावं म्हणून आईबाबा म्हणायला लागले, ते पुढे..." ती थांबली. घास हातातच राहिला. घरातली हाक मोठ्यांच्या तोंडी असली, तरी ती बरेचदा धाकट्यांची असते! स्वतःच्या घरात जन्मभर ऐकलेली गोष्ट हिला चार दिवस सुचली नव्हती. तिने कपाळाला हात लावला आणि डबा तसाच टाकून बाहेर धावली.

आजींची मुलगी बाकावर बसली होती.

"ताई, तुम्ही वहिनी कोणाला म्हणता?"

मुलीचे डोळे भरून आले. "दादाच्या बायकोला. म्हणजे... तेव्हाच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा घटस्फोट झाला. मी म्हणायचे, तेच आईच्या तोंडात बसलं. सगळ्यांची जेवणं आटोपली की त्या दोघी ताटं घेऊन बसायच्या. बारा वर्षं. हात वाळले तरी गप्पा संपायच्या नाहीत. पण दादासमोर तिचा विषयच काढायची सोय नाही."

"दादांचं मी बघते. तुम्ही फोन लावा."

म्हणाली खरी, पण बघणार काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तक्रार झाली असती तर मेट्रनबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

अर्ध्या तासाने वहिनी आली. शिवणकामाच्या दुकानातून तशीच, गळ्यात टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे. दारातच घुटमळली. "मी आत येऊ? मी आता त्यांची कोणी नाही."

"ते आजींना विचारा," वंशावळबाई म्हणाली.

ती खाटेजवळ गेली. आजींचे डोळे मिटलेलेच होते, पण पावलं त्यांनी ओळखली.

"जेवलीस?"

"नाही, आई. दुकानात काम होतं."

"मग बस की."

सूपची एकच वाटी होती. एक चमचा आजींना, एक तिला. कोण्या गिऱ्हाइकाने कशी तीनदा बाही उसवायला लावली, ते ती सांगत होती. आजी गिळत होत्या, हसत होत्या. पडदे फुगत होते, बसत होते, आणि वंशावळबाईला समोर हॉस्पिटल दिसेना. फरशीवर मांडी घालून बसलेल्या दोन बायका दिसत होत्या, एक म्हातारी, एक तरुण, आणि त्यांना उठायची कसलीच घाई नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मुलगा आला. पूर्वीच्या बायकोला पाहून दारातच थबकला. आवाज चढवला नाही त्याने, लहान मुलाला समजवावं तसा आईला म्हणाला, "आई, आमचा घटस्फोट झालाय. ती आपली कोणी नाही आता."

आजींनी तोंडातला घोट गिळला. डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ठाऊक आहे मला. घटस्फोट तू घेतलास. मी कुठे घेतलाय?"

वहिनी उठायला लागली, तर आजी म्हणाल्या, "बस गं. संपलं कुठे अजून?"

मुलाने रिकाम्या होत आलेल्या वाटीकडे पाहिलं. मग वंशावळबाईजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, अजून एक वाटी मिळेल? त्या दोघींना एवढं पुरायचं नाही."