बाळकृष्णापुढची तांबडी वाटी

मंडळातल्या मैत्रिणींनो,

आज रेवदंड्याच्या बोटीने मुंबईहून सामान आले ते असे: वाताचे तेल आठ आणे, साबण चार आणे आणि दारूची बाटली तीन रुपये. होय, दारूच. तापाने सासूबाईंच्या अंगात त्राण उरले नाही म्हणून डॉक्टरांनी रोज दोन चमचे सांगितली आहे.

बाटलीवर इंग्रजीत स्वच्छ छापले आहे, डोंगरावरच्या मळ्यातल्या तीन जातींच्या द्राक्षांची कडक तांबडी वाइन. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. मी म्हटले, "सासूबाई, द्राक्षांचा काढा आहे."

"मग आधी देवाला," म्हणत त्यांनी वाटी बाळकृष्णापुढे ठेवली, वर तुळशीपत्र वाहिले. मी हात जोडले. नंतर घोट घेऊन म्हणाल्या, "भलताच उग्र आहे गो. पण पोटात ऊब आली. तूही घे, प्रसाद आहे." मी घेतला.

दुपारी त्या भिंत न धरता तुळशीपर्यंत गेल्या.

खरे सांगितले तर त्या औषध टाकतील, वर प्रायश्चित्ताचे उपास धरतील, आणि ते त्यांना झेपायचे नाहीत. नाही सांगितले तर उद्या पुन्हा नैवेद्य. पाप लागायचे तर मला लागो, पण देवाला फसवले हे मनातून जात नाही. तुम्ही काय केले असते? तोवर रोज वाटी मीच भरून देणार आहे, तेव्हा काय ते उलट टपाली कळवा.