मेलेला कप्तान

यवतमाळच्या टॉकीजात दुपारच्या खेळाला माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते आणि खास या सिनेमासाठी एसटीने आले होते. हा सिनेमा अंतराळयानाच्या एका चित्रपट-मालिकेतला; तिचे आधीचे सगळे भाग त्यांनी थोरल्या भावाबरोबर पाहिले होते. यानाचं इंजिन कसं चालतं, हे ते मला हवेत नट आवळत समजावून सांगत होते.

मध्यंतराआधी यानाचा म्हातारा कप्तान पडद्यावर आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हा तं मागच्या भागात मेला होता ना?" त्यांनी मला विचारलं.

"हा दुसऱ्या विश्वातला आहे म्हणे," मी म्हणालो. मलाही नीट कळलं नव्हतं.

"मंग मेला तो कोन होता? त्या दिवशी आमी दोघं भाऊ जेवलो नाई." मग हळूच म्हणाले, "भाऊ गेल्या साली वारला. त्याले कोन सांगन आता, का कप्तान जिता हाये?"

शेवटी कप्तान लढाई जिंकला, तेव्हा सगळं टॉकीज टाळ्या वाजवत होतं. त्यांनीही दोन्ही हात उचलले, पण टाळी वाजवावी की नाही, हे त्यांना ठरवता आलं नाही.