मेडियाशची विहीर आणि आई

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे असले गूढ किस्से मी जेवताना वाचून हसायचे. आता हसायलाही त्राण नाही, ते सोडा.

इथे परदेशात, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघीच, मी आणि आई. बाबा गेल्यावर तिला नागपूरहून आणलं. विसरण्याचा आजार. गेल्या हिवाळ्यापासून ती मला ओळखत नाही, बोलणंही जवळजवळ बंद. तिनं एकदा माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

मी घरूनच काम करते. सध्या आमची टीम रोमानियातल्या मेडियाश गावाची व्हर्च्युअल टूर बनवतेय — कललेला बुरूज, तटबंदीतलं चर्च, रंगीत कौलं. माझी टीममेट योआना मूळची तिथलीच. त्या सकाळी कॉलवर तिला टूर दाखवत होते, टीव्हीवर लावून. सोफ्यावरची आई अचानक उठली, पदर खोचला आणि टीव्हीसमोर उभी राहिली.

"आधी पाहुण्यांना पाणी द्या न! बुरूज काय पळून जाते का? मागच्या बोळात विहीर आहे. लोखंडी झाकण आहे, दोघांनी मिळून उचला. पाणी थोडं गंजकट लागते."

मला हसू आलं. दारात पाहुणा आला की आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. आजारातही सुटली नव्हती. गंमत म्हणून मी योआनाला इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही.

"ती विहीर मी लहान असतानाच बुजवण्यात आली," ती म्हणाली. "झाकण उचलायला माझे आजी-आजोबा दोघं लागायचे. तुझ्या आईला कोणी सांगितलं?"

कोण सांगणार? आईनं नागपूर सोडून फक्त सनीव्हेल पाहिलंय. आम्ही फोटो, नकाशे, सगळं चेक केलं... विहीर कुठेच नाही. योआनानंही मला कधी सांगितली नव्हती. अजून उत्तर नाही, आणि खरं सांगू, शोधायची ताकदही नाही.

कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात विहीर नव्हतीच. आई बोलत होती! कॉल तसाच सोडून मी तिचे हात धरले. "आई, मी कोण, सांग ना?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ओळख अजिबात नाही, पण नजरेत किती माया!

"तुम्ही पाहुण्या न? लांबून आल्या वाटते. फार दमल्या दिसता, बाई."

इतक्या महिन्यांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं... मी रडतच "हो" म्हणाले. तिनं सोफ्यावरची उशी बाजूला सरकवली.

"बसा थोडं," म्हणाली. मी बसले.