नोकराचं पात्र मी लिहिलं

हॉल हसत होता आणि मागच्या रांगेत माझा बाप बसला होता.

जळगावच्या कॉलेजात एकांकिका स्पर्धा. दुपारची वेळ. स्टेजवर डॉक्टरांचा बंगला. सोफा, फुलदाणी, चष्मा लावलेली मालकीणबाई. नोकर दारात येतो, पायातल्या चपला काढतो, काखेत मारतो आणि वाकून आत शिरतो. मालकीणबाई बस म्हणते. तो फरशीकडे बोट दाखवून म्हणतो, "बाई, मी आठेच बरा शे." पहिल्याच वाक्याला शिट्ट्या. मग खांद्यावरच्या रुमालानं तो फरशी पुसतो आणि सोफा सोडून फरशीवर बसतो. पोरं खुर्च्या बडवत होती.

ही एकांकिका मीच लिहिली होती. नोकराची चाल, रुमाल, चपला, बोलणं, सगळं आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. पारोळ्याच्या बाजार समितीत हमाल. बँक असो, दवाखाना असो, तहसील असो, आत शिरताना ते चपला बाहेर काढतात; काखेत मारणं हशासाठी मी जोडलं. मला लहानपणापासून त्याची लाज वाटायची. त्या लाजेचाच मी विनोद केला आणि स्वतःला लेखिका समजले.

खोटं कशाला बोलू, आधी या एकांकिकेत नोकर नव्हताच. नाट्यमंडळाच्या सरांनी सुचवला. सर शहरातले, तीन पिढ्या शिकलेल्या घरातले. म्हणाले, "तुझ्या घरची भाषा नोकराला दे. हशा येईल." डॉक्टर आणि त्याची बायको मात्र पुस्तकातलं मराठी बोलणार. बंगल्यातल्या माणसाच्या तोंडी आमची अहिराणी का नको, हे मी एकदाही विचारलं नाही. सरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मी चढले. कारण मला सिनेमे लिहायचे होते. पुण्याला पटकथालेखनाचा कोर्स आहे. त्याच्या अर्जाला लिखाणाचा नमुना लागतो आणि शिकवणाऱ्याचं शिफारसपत्र. पत्र सर देणार होते. त्या पत्रापायी मी बापाला विकायला काढलं होतं.

आबांना मीच बोलावलं होतं. खाडा करून आले, पांढरा शर्ट घालून. नाटक संपलं तसं सरांनी मला स्टेजवर घेतलं आणि माइकवर म्हणाले, "ही आमची लेखिका. हिला निरीक्षणाला कुठे जावं लागत नाही. सगळा माल घरीच आहे." परत हशा. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

बाहेर आले तर आबांच्या चपला हॉलच्या दाराबाहेर भिंतीशी लावून ठेवलेल्या. एवढ्या गर्दीत फक्त त्यांच्याच. दोन पोरं त्या चपलांकडे बोट दाखवून नोकराची नक्कल करत होती. आबा आले, चपला घातल्या, चालू लागले.

मी त्यांच्याबरोबर गावी निघाले. एसटी एरंडोलच्या पुढे गेली. मग आबा बोलले, माझ्याकडे न बघता.

"मना बाप मोठा लोकेसनी गल्लीमातून चपला हातमा लिसन जाये. पायमा दिखन्यात ते मार पडे. मी भाईर काढी ठेवस. तू ते बठ्ठासले दखाडी दिन्हं."

तू ते सगळ्यांना दाखवून दिलंस, एवढंच. आवाज चढवला नाही.

आजोबा मोठ्या लोकांच्या गल्लीतून चपला हातात घेऊन जायचे, पायात दिसल्या तर मार खायचे, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ज्याला मी अडाणीपणा समजत होते, ती मार खाल्लेल्या बापाच्या लेकाची भीती होती. ती मी दोनशे माणसांसमोर नाचवली. शिट्ट्या घेतल्या तिच्यावर. शरमेनं मेले मी त्या सीटवर.

सोमवारी सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये डबा खात बसले होते. मला बस म्हणाले नाहीत, कधीच म्हणत नसत. माझा अर्ज पुढे ओढून म्हणाले, "नमुन्यात चपलांचा प्रवेश पहिला टाक. तुमच्याकडचं रांगडेपण खपतं."

"सर, तो प्रवेश मी काढून टाकला."

"मग उरलं काय तुझ्याकडे? पत्र कशावर देऊ?"

"नका देऊ."

त्यांचा घास हातातच राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बी.एड. कर. तुमच्या लोकांना नोकरी लागते. सिनेमा हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे."

अंगाची लाही झाली. शूरबिर काही नव्हते मी. पण समोरची रिकामी खुर्ची ओढली, बसले, आणि अर्जावर शिफारस करणाऱ्याच्या जागी लिहिलेलं त्यांचं नाव त्यांच्यासमोर खोडलं.

पत्राशिवाय अर्ज पाठवला. अपूर्ण म्हणून परत आला. वर्ष गेलं. मैत्रिणी बी.एड.ला गेल्या. आई अजून म्हणते, "तू बी जाय ना वं." तिचं चुकत नाही. पण मी धुळ्याला मराठीच्या एम.ए.ला नाव घातलं. मराठीचं फार प्रेम उतू चाललं होतं असं नाही. कोर्सला शिकवणाऱ्याचं पत्र लागतं, आणि नवा शिक्षक नव्या कॉलेजातच मिळणार.

नवी पटकथा लिहिते आहे. हिच्यात हमाल अहिराणी बोलतो, तसा वकीलही बोलतो, फौजदारही बोलतो. दर शनिवारी घरी जाऊन लिहिलेलं आबांना वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात. आतापर्यंत दोन पानांना "हाई नको" म्हणाले. चांगली उतरली होती ती पानं. फाडली.

आबांची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर लेकीसाठी म्हणून ते लगेच देतील, मनातून नसली तरी देतील. मग मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

अर्ज मी यंदा भरणार. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी. तेव्हाही नाही तर त्याच्या पुढच्या. माझी माणसं विकून आत जायचं असेल तर मी बाहेर राहीन. पण कोर्सच्या त्या दारासमोरून हलणार नाही.